फक्त फेसबुकला टाकलं

फेसबुकवर माझ्या नावापुढे जास्वंदीचं फूल आहे, आणि तेसुद्धा शेजाऱ्यांच्या कुंडीतलं. खात्याला कुलूप आहे. व्हॉट्सॲपचा डीपी ओळखीच्या लोकांनाच दिसतो, आणि स्टेटस तर मी आयुष्यात ठेवलेलं नाही. मैत्रिणी म्हणतात, तू काय सीआयडीत आहेस का? सीआयडीत नाही, पण आपलं आपल्यापाशी असावं एवढं मला कळतं. आणि इतकं सांभाळून राहिलेल्या माझ्या कपाळी काय आलं, ते आता सांगते.

नगरच्या नागापूर एमआयडीसीत एका कारखान्यात मी क्वालिटीला होते. बोर्डावर अहिल्यानगर झालं तरी माझ्या तोंडात अजून नगरच येतं, तेवढं चालवून घ्या. क्वालिटीला म्हणजे काय, तर मशीनवरून आलेला पार्ट मापात आहे का ते बघायचं, नसेल तर लाल ट्रेमध्ये टाकायचा. दहाबारा वर्षं मी हे काम केलं. एवढ्या वर्षांत मला पर्मनंट काही केलं नाही. मार्च आला की कंत्राट संपायचं, एप्रिलला नवीन व्हायचं, आणि मधले आठपंधरा दिवस माझा आणि आईचा जीव टांगणीला. वडील गेल्यापासून घरात कमावणारी मी एकटी. सावेडीला भाड्याच्या दोन खोल्या, आई, मी आणि पर्मनंट हा शब्द. आमच्या घरात देवाच्या खालोखाल त्या शब्दाला मान.

आणि मग सुप्याच्या एमआयडीसीतल्या एका मोठ्या कंपनीत माझं जमलं. तिसऱ्या मुलाखतीनंतर एचआरच्या बाईंचा फोन आला. क्वालिटी इंजिनियर, पहिल्या दिवसापासून पर्मनंट, सावेडीतून कंपनीची बस. फक्त एक गोष्ट त्यांनी दोनदा बजावली. ऑफर लेटर अजून वरच्यांच्या सहीसाठी गेलंय, ते हातात येईपर्यंत कुठेही बोलू नका, हल्लीच्या कंपनीत तर मुळीच नको. मी म्हटलं, मॅडम, माझ्या तोंडून शब्द बाहेर पडणार नाही. आणि नाहीच पडला हो. माझ्या तोंडून नाहीच पडला.

आईला सांगावं लागलं. एका खोलीतून दुसऱ्या खोलीत ऐकू जातं अशा घरात आईपासून काय लपवणार? तिने देवापुढे साखर ठेवली, माझ्या गळ्याची शपथ घेतली की कुणाला सांगणार नाही, आणि मी कामावर गेल्यावर राहात्याला मामाला फोन लावला. नंतर मी विचारलं तर म्हणते, "अगं, भाऊ म्हणजे काय कुणी आहे का? आणि मी त्यालाही सांगितलं ना, कुणाला सांगू नको म्हणून."

मामांबद्दल सांगायला हवं. राहात्याजवळच्या गावात त्यांची पेरूची बाग आहे. वडील गेले तेव्हा मी कॉलेजला होते, आणि माझी शेवटच्या वर्षापर्यंतची जबाबदारी या माणसाने न बोलता उचलली. ते मी विसरलेले नाही आणि विसरणारही नाही. पण प्रेम करायची त्यांची तऱ्हा अशी की समोरच्याने हात जोडावेत. माझं लग्न हे त्यांनी अंगावर घेतलेलं काम. मला बत्तिसावं सरलं तरी त्यांनी उमेद सोडलेली नव्हती. आमच्याकडे मुलाकडची माणसं सरळ मुलीच्या घरी येत नाहीत, आधी मुलीच्या मामाला फोन करून चौकशी करतात, मुलगी काय करते, स्वभाव कसा, पुढे नोकरी करणार का. असे फोन मामांना सारखे येत, आणि दर फोनला माझ्या अंगी एखादा नवा गुण यायचा. एकदा मी उत्तम पोहते असं त्यांनी कुणाला तरी सांगून ठेवलं होतं. मला विहिरीत डोकावायची भीती वाटते.

तर त्या दिवशी सकाळी मी गेज घेऊन पार्ट तपासत होते आणि खिशातला मोबाईल थरथरायला लागला. थांबेचना. आमच्याकडे कामाच्या जागी फोन बघायला बंदी, म्हणून मी चहाच्या सुट्टीपर्यंत दम धरला. बघते तर अभिनंदनांची रांग लागलेली. शाळेतली मैत्रीण, मावशीची सून, पूर्वी समोर राहणाऱ्या काकू, आणि एक जण तर असा की त्याचं आमचं बोलणं बंद आहे. पेढे कधी, पार्टी कधी, आमच्या पोरालाही चिकटवा की तिथे. मला वाटलं, चुकून दुसऱ्या कुणाचं मला येतंय. मग मावशीच्या सुनेने पाठवलेला फोटो उघडला आणि मी तिथेच ड्रमवर बसले.

तुम्ही आमच्याकडच्या चौकाचौकात लागलेले अभिनंदनाचे फ्लेक्स बघितले असतील. तसाच, पण मोबाईलवरचा. सोनेरी चौकट, वरून पडणाऱ्या गुलाबाच्या पाकळ्या. मध्ये मी, मामेभावाच्या लग्नातल्या पैठणीत. तो फोटो कापून घेताना शेजारणीचा हात माझ्या खांद्यावर तसाच राहिलेला, त्यामुळे मला तीन हात दिसत होते. वरच्या कोपऱ्यात गोलात एक स्थानिक पुढारी हात जोडून हसत होते, ज्यांना मी जन्मात भेटलेले नाही. खाली शुभेच्छुक म्हणून सात-आठ मिशा. आणि मधोमध ठळक अक्षरांत, आमच्या भाचीची सुप्यातल्या अमुक कंपनीत क्वालिटी मॅनेजर पदी निवड झाल्याबद्दल अभिनंदनाचा वर्षाव. कंपनीचं नाव पूर्ण, पत्त्यासकट. माझं नाव पूर्ण. मॅनेजर. इंजिनियरची मॅनेजर मी सकाळच्या चहापर्यंत झाले होते.

मी शेडच्या मागे जाऊन मामांना फोन लावला.

"मामा, हे काय केलंत तुम्ही?"

"आवडलं का? चौकातल्या फ्लेक्सवाल्याकडनं बनवून घेतलं. पोरगं लई हुशार हाय."

"मामा, आईने सांगितलं होतं ना, कुणाला सांगायचं नाही म्हणून?"

"मी कुनाला सांगितलंच न्हाई," मामा ठामपणे म्हणाले. "इच्चार गावात. एका मानसापुढं शब्द काढला असला तर सांग. फक्त फेसबुकला टाकलं."

मी डोळे मिटून भिंतीला टेकले. "आणि मॅनेजर कशाला लिहिलं?"

"अगं, इंजिनियर काय, घरटी एक हाय. मॅनेजर असलं की स्थळाला बरं पडतं." मग जरा आवाज उतरवून, जणू खास बातमी सांगताहेत, "आन् तुज्या कंपनीलाबी टॅग केलंय बरं का. त्यांनाबी कळू दे, पोरगी एकली न्हाई म्हनून."

पुढचं सगळं मला नीट आठवत नाही. मी ते काढून टाका म्हणाले, ते म्हणाले पाचशे लाइक आलेत, कसं काढू? मी ओरडले. ते म्हणाले, "भाचीचं कवतिक करायचं न्हाई का आमी?" मी फोन ठेवला.

दुपारच्या जेवणाच्या आधी आमच्या विभागाच्या सरांनी केबिनमध्ये बोलावलं. आमच्या लाइनवरच्या एका ऑपरेटरचं सासर राहात्याकडचं, त्याच्या मेव्हण्याच्या स्टेटसला मी होते. सरांच्या टेबलावर त्यांचा मोबाईल उताणा पडलेला, आणि त्यात माझे तीन हात.

"अभिनंदन, मॅडम."

"सर, अजून तसं काही नक्की नाही."

"असं कसं? मॅनेजर झालात की." सर चिडले असते तर बरं झालं असतं. त्यांचा चेहरा पडलेला होता. "एवढी वर्षं इथे काढलीत. मला सांगितलं असतंत तर मीच शाल आणली असती. हे मला ऑपरेटरकडून कळावं?"

मी काय सांगणार होते? लेटर आलेलं नाही, पद खोटं आहे, फोटो मी टाकला नाही, पुढारी माझे कुणी नाहीत. चारही गोष्टी खऱ्या आणि चारही एका दमात सांगितल्या तर थापाड्या बाईसारख्या वाटतील अशा. मी तरी सांगितल्या. सर ऐकून घेत होते, पण नजर सारखी त्या मोबाईलवर. शेवटी म्हणाले, ठीक आहे, जायचं तर जा, पण आम्हाला माणूस तर शोधायला हवा.

सुप्याच्या मॅडमचा फोन दुसऱ्या दिवशी आला. आवाजात साखर होती, ती अशा वेळी असते तेवढीच. म्हणाल्या, तुमची पोस्ट आमच्या कंपनीच्या पेजवर दिसतेय. मी म्हटलं, माझी नाही, माझ्या मामांची. त्या म्हणाल्या, एकच झालं ना मॅडम. झालं होतं असं की त्यांच्याकडे आधीपासून एक क्वालिटी मॅनेजर होते, चांगले जुने, आणि त्यांनीही ती पोस्ट बघितली. ते तसेच उठून वरच्यांकडे गेले आणि विचारलं, माझ्या जागी माणूस घेतलात आणि मला पत्ताही नाही? त्यांचंही बरोबरच आहे. माझ्या बढतीची बातमी वाचून त्या माणसाच्या तोंडचं पाणी पळालं असेल. वर त्या पुढाऱ्यांचा फोटो, त्यामुळे ही बाई कुणाच्या तरी वशिल्याने येतेय अशी दुसरी शंका. मॅडम म्हणाल्या, सध्या होल्डवर टाकलंय. होल्ड या शब्दाचा अर्थ एमआयडीसीत राहणाऱ्याला शब्दकोशात बघावा लागत नाही.

मामांनी पोस्ट काढली. आईने रडून सांगितलं तेव्हा काढली. पण नुसती काढून गप्प बसतील तर ते मामा कसले? त्यांनी दुसरी टाकली. काही अपरिहार्य कारणास्तव आमच्या भाचीच्या अभिनंदनाची पोस्ट काढण्यात आलेली आहे, तरी समस्त ग्रामस्थ व मित्रपरिवाराने गैरसमज करून घेऊ नये. झालं. ज्यांना गैरसमज नव्हता त्यांनाही झाला. काय झालं हो, काही भानगड झाली का, म्हणून आईला फोन सुरू. आई प्रत्येकाला सविस्तर उत्तर द्यायची. मी म्हटलं, आई, उचलू नकोस. तर म्हणाली, न उचलून कसं चालेल, त्यांना काय वाटेल? आपल्याला काय वाटतं हे या घरात कुणी कधी विचारलं नाही.

मार्च आला. या वेळी कंत्राटाच्या कागदात माझं नाव नव्हतं. मी सरांना भेटले, म्हटलं, सर, मी कुठेही जात नाहीये, तिथलं गेलं. त्यांना वाईट वाटलं, ते दिसत होतं. पण माझ्या जागी त्यांनी एका मुलीला शब्द दिला होता, आणि तिने तिची जुनी नोकरी सोडलीही होती. तिला आता नाही म्हणू का, असं त्यांनी मलाच विचारलं. मी नको म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते? माझा लाल ट्रे, माझं स्टूल, सगळं त्या मुलीला दाखवून मी गेटबाहेर आले. खूप रडले. रिक्षावाला आरशातून बघत होता आणि मला त्याचाही राग आला.

मग अर्ज सुरू झाले. मला वाटलं होतं, माझ्या हाताला काम आहे, नगरात शेकड्याने कारखाने आहेत, महिन्याभरात कुठेतरी लागेन. पहिल्या ठिकाणी एक तरुण मुलगा मुलाखतीला बसला होता. माझा बायोडाटा बाजूला ठेवून त्याने कॉम्प्युटरवर काहीतरी टाईप केलं आणि स्क्रीनकडे बघत विचारलं, "मॅडम, सुप्याची नोकरी तुम्ही यात लिहिलेली नाही?"

"मी तिथे नव्हतेच."

त्याने स्क्रीन माझ्याकडे वळवली. पैठणी, पाकळ्या, तीन हात.

मामांनी त्यांची काढली होती. पण तो चौकातला लई हुशार पोरगा, ज्याने ते बनवलं, त्याने स्वतःच्या दुकानाच्या पेजवर नमुना म्हणून लावून ठेवलं होतं, खाली आमच्याकडे सर्व प्रकारचे फ्लेक्स माफक दरात करून मिळतील. माझं नाव शोधलं की पहिलं तेच येतं. माझं स्वतःचं खातं येत नाही, त्याला कुलूप आहे ना. मी इतकं नीट कुलूप लावलंय की जगाला माझ्याबद्दल कळणारी एकमेव गोष्ट ती खोटी पोस्ट.

"सोडलीत का काढलं?" त्या मुलाने विचारलं. मी पुन्हा सगळं सांगितलं. तो मान हलवत होता, पण त्याने बायोडाटावर काहीतरी खूण केली आणि मला कळलं की मी लाल ट्रेमध्ये गेले. दुसऱ्या ठिकाणी तर काही विचारलंच नाही, कळवतो म्हणाले. न विचारणारा जास्त वाईट. विचारलं तर निदान सांगता तरी येतं.

मी मामांना म्हटलं, त्या फ्लेक्सवाल्याला पेजवरून काढायला सांगा. मामा स्वतः दोनदा चौकात गेले. दुकान बंद पडलं होतं. पोरगा पुण्याला कुठेतरी कामाला लागला होता, फोन लागला तेव्हा म्हणाला, काका, त्या पेजचा पासवर्ड जुन्या मोबाईलमध्ये होता आणि तो मोबाईल विहिरीत पडला. म्हणजे आता ते कुणालाच काढता येत नव्हतं. फेसबुकला मी तक्रार केली, त्यांचं उत्तर आलं की यात आम्हाला आक्षेपार्ह काही आढळलं नाही. बरोबरच आहे. अभिनंदनात आक्षेपार्ह काय असणार?

अशा हालतीत मी तिसऱ्या मुलाखतीला गेले, पुन्हा नागापूरलाच. दूध डेअऱ्यांना लागणाऱ्या स्टीलच्या टाक्या बनवायचा छोटा कारखाना. मालक साठीच्या पुढचे, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. त्यांनी मला आधी शेडमध्ये नेलं आणि एका टाकीचं वेल्डिंग बघायला सांगितलं. मी बघितलं, कुठे नीट नाही ते दाखवलं. ते खूष झाले. मला वाटलं, चला, हे जुन्या वळणाचे आहेत, हे कॉम्प्युटरवर शोधणार नाहीत. ऑफिसात आलो तर त्यांच्या सुनेने आधीच शोधून ठेवलं होतं.

मी या वेळी नीट सांगितलं, न रडता, न चिडता. ऐकून ते म्हणाले, "म्हणजे ही सगळी मामांची करणी. मग मामांनाच विचारू की. द्या नंबर."

मला हायसं वाटलं. मामांना सगळं माहीत होतं, त्यांना वाईटही वाटत होतं. ते आता खरं सांगतील आणि हे एकदाचं मिटेल. मी नंबर दिला. मालकांनी स्पीकर लावला.

"नमस्कार, नगरहून बोलतोय. तुमच्या भाचीबद्दल जरा चौकशी करायची होती."

हे वाक्य ऐकलं आणि मी खुर्चीतून उठले. नगरहून बोलतोय, भाचीबद्दल चौकशी. मी हात पुढे केला, पण मामा सुरू झाले होते.

"बोला की, बोला. काय इच्चारायचं ते मोकळ्या मनानं इच्चारा."

"सध्या काय करतात त्या?"

"मॅनेजर हाय ना. सुप्याला. लई मोठी कंपनी, पर्मनंट. एसीत बसून काम."

मालकांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "अजून आहेत का तिथे? आम्ही ऐकलं की सोडलं म्हणून."

"कोन म्हनतं? जळनारी मानसं असत्यात. तिला सोडत्यात व्हय ते? आन् एक आधीच सांगून ठेवतो, लगीन झाल्यावरबी नोकरी करनार ती. तुमच्या मुलाला ते चालनार असलं तरच पुढचं बोलू."

मालकांच्या सुनेने ओढणी तोंडाला लावली. मी टेबलावर वाकून फोनमध्ये म्हणाले, "मामा, मी बोलतेय. हे स्थळवाले नाहीत. नोकरीवाले आहेत."

पलीकडे मामांनी आधी गड्याला पंप बंद करायला सांगितला. मग मामा म्हणाले, "मंग आधी सांगायचं व्हतं ना. त्यांना म्हनावं, पुन्हा एकदा फोन लावा. मी खरं सांगतो."

मालक इतके हसले की त्यांना पाणी प्यावं लागलं. मला काही हसू येत नव्हतं. दोन नोकऱ्या गेलेल्या माणसाला अशा वेळी हसू येत नाही. पण डोळे पुसून ते म्हणाले, "मला चार मामा होते. तुम्ही म्हणता ते सगळं खरं आहे." सोमवारपासून या म्हणाले. काही महिने काम बघू, बसलं तर पर्मनंट करू.

बाहेर आले तर मामांचे मिस्ड कॉल. मी उचलला.

"काय म्हनले गं?"

माझ्या तोंडावर आलं होतं, घेतलं म्हणून. आणि मग मला तो फ्लेक्स दिसला, या नव्या कारखान्याच्या नावाचा, आणि त्यात मी बहुतेक डायरेक्टर. "बघू म्हणाले," मी म्हटलं.

घरी येऊन आईला बसवलं. सांगितलं, पर्मनंट होईपर्यंत भावाला एक शब्द नाही. या वेळी शपथ घेऊ नकोस, नुसतं सांगू नकोस. आणि आईने खरंच सांगितलं नाही. मामांनी विचारलं तर म्हणायची, नाही झालं रे तिथलं, बघतेय ती. आयुष्यभर भावाला भाजीला काय केलं तेही सांगणारी बाई फोन ठेवल्यावर बराच वेळ तशीच बसून राहायची. माझ्याशी नीट बोलायची नाही. मला तिचा राग यायचा, मामांचा यायचा, आणि मुख्य म्हणजे हे सगळं मला करावं लागतंय याचा यायचा. माणसाला नोकरी लागली की गावभर सांगतात हो. मी नोकरी अशी लपवत होते जणू कुठून पळवून आणलीय.

मामा बदलले. त्यांचं स्टेटस बंद झालं, रोज सकाळी यायचा तो गुलाब आणि सुविचारही बंद. स्थळांचं बोलणं बंद. थंडीत एसटीच्या पार्सलने पेरूंची पेटी आली, वर नेहमीसारखी चिठ्ठीही नव्हती. आईने एकदा स्पीकरवर बोलायला लावलं तर म्हणाले, "माझ्यामुळं हुकलं ना तुजं ते टाक्यांचं?"

मी म्हटलं, "नाही हो मामा, तुमच्यामुळे नाही."

"न्हाई, माझ्यामुळंच. म्हाईत हाय मला."

शेजारी आई पेरू कापत होती. तिने सुरी खाली ठेवली आणि माझ्याकडे बघितलं. मी पेरूची फोड तोंडात टाकली.

पर्मनंटचं लेटर मालकांनी हातात दिलं त्या संध्याकाळी मी घरी आले, देवापुढे ठेवलं. आईने आधी ते वाचलं, मग मोबाईल आणून माझ्यापुढे धरला. "आता तरी," एवढंच म्हणाली. मी नंबर लावला.

"मामा, लागलं. त्या टाक्यांच्याच कारखान्यात. पर्मनंट झालं."

मला वाटलं होतं, आता ओरडतील, बागेतल्या गड्यांना हाका मारतील. ते हळूच म्हणाले, "बरं झालं बाई. लई बरं झालं." आणि नाक ओढलं. मग म्हणाले, "मी कुनाला सांगत न्हाई."

दुसऱ्या दिवशी सकाळी उठल्याबरोबर मी मोबाईल घेतला आणि त्यांचं स्टेटस बघितलं. काही नव्हतं. चहाच्या सुट्टीत बघितलं, काही नव्हतं. संध्याकाळी बसमध्ये बघितलं. आणि मला राग आला. खोटं कशाला सांगू, फार राग आला. एवढी वर्षं वाट बघून पर्मनंट झाले आणि माझ्या मामांच्या स्टेटसला एक पाकळी नाही.

तेवढ्यात त्यांचाच फोन आला. "येक इच्चारायचं व्हतं," म्हणाले. "गावात पेढे वाटले तर चालतील का? कशाचे ते सांगनार न्हाई."

"वाटा की मामा. सांगा, भाची पर्मनंट झाली म्हणून. फक्त कंपनीचं नाव नको."

"नाव मला कुठं म्हाईत हाय?" मामा म्हणाले. "तू सांगितलंच न्हाई. तवा स्पीकरवर त्यांनीबी न्हाई सांगितलं."

बस नागापूरच्या चौकात थांबली होती. मी म्हटलं, घरी गेल्यावर बोलते मामा, इथे आवाज येत नाही. आणि घरी गेल्यावरही मी सांगितलं नाही.